पांढरी पूड पिवळी कशी झाली?

आज रात्री दात घासायच्या आधी एक काम करा. टूथपेस्टची ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. पेस्ट पांढरी असेल तर त्या यादीत बरेचदा टायटॅनियम डायऑक्साइड असं लांबलचक नाव सापडेल. कधी नाव नसतं, नुसता ‘सीआय ७७८९१’ असा आकडा असतो. तोही तोच! भिंतीच्या पांढऱ्या रंगात तो असतो, उन्हात जाताना तोंडाला लावायच्या क्रीममध्येही असतो.

आणि हा येतो कुठून? रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, मालगुंडच्या बाजूला वाळूत फिरलात तर मधूनमधून काळ्या, चकचकीत कणांचे पट्टे दिसतात. त्यातले बरेच कण इल्मेनाइट नावाच्या खनिजाचे. इल्मेनाइटमध्ये लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन असे तिघं एकत्र असतात. कारखान्यात त्यातलं लोखंड काढून टाकलं, की काळ्या वाळूतून पांढरीशुभ्र पूड मिळते.

ही पूड पाणी फोडते. नुसत्या उजेडानं.

हे पहिल्यांदा दिसलं जपानमध्ये, टोकियो विद्यापीठात, १९६७ साली. आकिरा फुजिशिमा तेव्हा तिथे शिकत होते आणि केनिची होंडा त्यांचे मार्गदर्शक होते. फुजिशिमांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा एक स्फटिक पाण्यात बुडवला, तो तारेनं प्लॅटिनमच्या तुकड्याला जोडला आणि झेनॉनच्या प्रखर दिव्याचा झोत स्फटिकावर सोडला. स्फटिकावर बुडबुडे यायला लागले. तिकडे प्लॅटिनमवरही बुडबुडे! स्फटिकावरचे बुडबुडे ऑक्सिजनचे निघाले, प्लॅटिनमवरचे हायड्रोजनचे. म्हणजे पाणीच फुटत होतं, आणि बॅटरी कुठेच जोडलेली नव्हती. नंतर स्फटिक तपासला तर तो होता तसाच. झिजला नव्हता, विरघळला नव्हता. मला या सगळ्यात हेच फार मोठं वाटतं. इतर काही पदार्थांवर असाच उजेड टाकला की ते पदार्थ स्वतःच पाण्यात विरघळत जायचे. हा मात्र काम करून पुन्हा कामाला तयार.

१९७२ मध्ये दोघांचा लेख ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला. पुढच्याच वर्षी जगात तेलाची मोठी टंचाई झाली, पेट्रोलचे भाव भडकले. जपानकडे स्वतःचं तेल जवळजवळ नाहीच. त्यामुळे १ जानेवारी १९७४ रोजी, ऐन नव्या वर्षाच्या दिवशी, ‘असाही शिम्बुन’ या तिथल्या मोठ्या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर या शोधाची बातमी दिली. पाणी आणि ऊन यांच्यापासून इंधन! कोणाला आवडणार नाही?

पाणी फोडणं म्हणजे काय, ते तुम्हाला घरीही बघता येतं. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासा, नऊ व्होल्टच्या बॅटरीला तारांनी जोडा आणि खालची टोकं खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवा. मीठ घालू नका हं, त्यानं क्लोरीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. थोड्या वेळात दोन्ही शिशांवर बारीक बुडबुडे दिसतील, आणि एका शिशावर दुसऱ्यापेक्षा जास्त. जास्त आहेत ते हायड्रोजनचे. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, त्यामुळे हायड्रोजन दुप्पट निघतो. इथे फोडायची ताकद बॅटरीनं पुरवली. फुजिशिमांच्या भांड्यात ती उजेडानं पुरवली.

पण हायड्रोजन हवाय कशाला? एक तर तो जळला की धूर होत नाही, पाणी होतं. चांद्रयान ३ ज्या रॉकेटनं गेलं त्याच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजनच होता. आणि दुसरी गोष्ट आपल्या ताटाशी जोडलेली आहे. शेतात टाकतात तो युरिया अमोनियापासून बनतो आणि अमोनियासाठी हायड्रोजन लागतो. अलिबागजवळ थळला युरियाचा मोठा कारखाना आहे. तिथे हा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढतात. जगात बहुतेक हायड्रोजन असाच नैसर्गिक वायूतून किंवा कोळशातून निघतो. नैसर्गिक वायूतून एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जळताना स्वच्छ असलेला हा वायू तयार होताना मात्र भरपूर घाण करतो. म्हणून तो पाण्यातून, उन्हानं काढायचा.

मग १९७२ पासून आतापर्यंत सगळ्यांच्या गच्चीवर पांढरी पूड का नाही पसरली?

अडचण तिच्या पांढरेपणातच आहे. कशी ते बघू.

टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या पदार्थांना अर्धवाहक म्हणतात. अशा पदार्थात इलेक्ट्रॉन एका काठावर दाटीवाटीनं बसलेले असतात असं समजा. पलीकडचा काठ रिकामा. मध्ये ओढा. पाणी फोडायचं तर इलेक्ट्रॉनला ओढा ओलांडून पलीकडे जायला हवं. तो पलीकडे गेला की मोकळा होतो आणि पाण्यातल्या हायड्रोजनला जाऊन मिळतो, मग हायड्रोजन वायू सुटतो. इकडे अलीकडच्या काठावर त्याची जागा रिकामी पडते. ती रिकामी जागा गप्प बसत नाही, पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते, आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो. एका उडीनं दोन्ही कामं सुरू होतात.

उडी मारायची ताकद देतो उजेड. उजेड सुट्या सुट्या हिश्शांमध्ये येतो. एका हिश्शाला फोटॉन म्हणतात. एक फोटॉन, एक उडी. जांभळ्या उजेडाच्या फोटॉनमध्ये ताकद जास्त, निळ्यात थोडी कमी, हिरव्यात, पिवळ्यात आणखी कमी, लाल सगळ्यात अशक्त. ही ताकद मोजायला शास्त्रज्ञ इलेक्ट्रॉन व्होल्ट नावाचं एक अगदी छोटं माप वापरतात. त्या मापानं आपल्याला दिसणारा जांभळा उजेड सुमारे ३.१ आणि लाल सुमारे १.८. टायटॅनियम डायऑक्साइडचा ओढा किती रुंद? ३ ते ३.२.

लाल फोटॉनच्या ताकदीनं तो ओलांडता येत नाही, पिवळ्याच्या नाही, हिरव्याच्या नाही, निळ्याच्यासुद्धा नाही. दोन लाल फोटॉन मिळून एक मोठी उडी होईल का? नाही होत. ओढा दोन अर्ध्या उड्यांत ओलांडता येत नाही, पहिलीच अर्धी उडी थेट पाण्यात पडते! कितीही लख्ख लाल दिवा लावा, बुडबुडा येणार नाही. लागतात ते जांभळ्याच्याही पलीकडचे, आपल्याला न दिसणारे अतिनील किरण. आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हाच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम ४-५ टक्के. डोळ्यांना दिसणारा उजेड ४० टक्क्यांच्या वर आहे, तो सगळा वाया.

आता त्या पांढऱ्या रंगाकडे या. हळद पिवळी का दिसते? ती उन्हातला निळा-जांभळा भाग स्वतःत घेते आणि उरलेला परत पाठवते. तो उरलेला आपल्या डोळ्यात शिरतो. पांढरी वस्तू दिसणारा सगळाच उजेड परत पाठवते, काहीच ठेवून घेत नाही. म्हणजे पूड पांढरी दिसतेय याचाच अर्थ ती दिसणाऱ्या उजेडाला हात लावत नाही. रंग बघूनच पुडीबद्दल इतकं कळतं! म्हणून जगभरचे रसायनशास्त्रज्ञ रंगीत पुडीच्या शोधात निघाले.

तुमच्यातला कोणीतरी आता म्हणेल, मग गंज घ्या की! लोखंडाचा गंज तांबडा, फुकट, हवा तेवढा. शंका अगदी रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनी गंज खरोखर वापरूनही पाहिला. त्याचा ओढा छान अरुंद आहे, सुमारे २.१. इलेक्ट्रॉन सहज पलीकडे जातो. पण पलीकडचा काठ फार खाली आहे. तिथून हायड्रोजन सोडवायला लागते तेवढी उंचीच इलेक्ट्रॉनला मिळत नाही. गंज ऑक्सिजनचं काम करतो, हायड्रोजनचं त्याला एकट्याला जमत नाही. त्यामुळे ओढा नुसता अरुंद असून भागत नाही, दोन्ही काठ नेमक्या उंचीवर असावे लागतात. पाणी फोडायला हिशेबानं किमान १.२३ लागतात. वाटेत थोडी ताकद वाया जाते ती धरली, तर ओढा साधारण दोनच्या आसपास हवा आणि काठ बरोबर जागी हवेत. असा पदार्थ निसर्गात आयता मिळत नाही. तो घडवावा लागतो.

तो घडवायची एक युक्ती मला फार आवडते. पांढऱ्या पुडीतला ऑक्सिजन थोडा काढायचा आणि त्याच्या जागी नायट्रोजन बसवायचा. ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन फार घट्ट धरतो, नायट्रोजन जरा सैल धरतो. त्यामुळे नायट्रोजन आत शिरला की अलीकडचा काठ वर येतो आणि ओढा अरुंद होतो. पलीकडचा काठ फारसा हलत नाही, म्हणून हायड्रोजनचं काम बिघडत नाही.

हे करायचं कसं? लांब नळीची विजेची भट्टी असते. पांढरी पूड छोट्या लांबट वाटीत ठेवून ती वाटी नळीत सरकवतात, ८५० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि वरून तासन्‌तास अमोनिया वायू सोडत राहतात. अमोनियात नायट्रोजन आणि हायड्रोजन असतो. हायड्रोजन पुडीतल्या ऑक्सिजनला बरोबर घेऊन पाण्याची वाफ होऊन निघून जातो, रिकाम्या जागी नायट्रोजन बसतो. टँटलम ऑक्साइड ही पूड पांढरी असते. तिला थोडा दमट अमोनिया दिला की पिवळी पूड मिळते. तिच्यात ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोघंही असतात. कोरडा अमोनिया भरपूर वेळ दिला की सगळा ऑक्सिजन जाऊन लाल पूड बाहेर येते, टँटलम नायट्राइड. ओढ्याची रुंदी पांढऱ्यात ३.९, पिवळ्यात सुमारे २.५, लालमध्ये २.१. भट्टीतून वाटी बाहेर काढली की रंगावरूनच कळतं नायट्रोजन किती आत गेलाय. लाल पुडीकडे आपण पुन्हा येणार आहोत, तिला विसरू नका.

याहून गमतीची गोष्ट आहे एका पिवळ्या पुडीची. टोकियोच्या काझुनारी डोमेन यांच्या प्रयोगशाळेत काझुहिको माएदा आणि त्यांच्या साथीदारांनी दोन पदार्थ एकत्र आणले. एक गॅलियम नायट्राइड, ज्याच्या जोरावर आपल्या घरातले एलईडी दिवे लागतात. दुसरा झिंक ऑक्साइड, अंगाला खाज सुटली की लावायच्या गुलाबी कॅलामाइन लोशनमध्ये असतो तो. गॅलियम नायट्राइडचा ओढा ३.४, झिंक ऑक्साइडचा ३.२. दिसणारा उजेड दोघांच्याही कामाचा नाही. पण दोघांचे अणू एकाच स्फटिकात मिसळले आणि जी पूड झाली ती निघाली पिवळी! दोघांनाही एकेकट्यानं न जमणारं काम मिश्रणाला जमलं. कारण मिश्रणात जस्त, म्हणजे झिंक, आणि नायट्रोजन शेजारी शेजारी येतात, एकमेकांच्या इलेक्ट्रॉनना वर ढकलतात आणि अलीकडचा काठ उंच होतो.

बनवायची रीत तीच. गॅलियम ऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड एकत्र खलायचं आणि अमोनियाच्या झोतात तापवायचं. यात एक खोच आहे. एवढ्या उष्णतेत जस्ताची वाफ होऊन ते उडून जातं. म्हणून सुरुवातीला जस्त मुद्दाम जास्त घालावं लागतं आणि शेवटी त्यातलं थोडंसंच शिल्लक राहतं. या पिवळ्या पुडीनं दिसणाऱ्या उजेडात शुद्ध पाणी फोडलं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही सुटले, आणि २००६ मध्ये ती बातमी ‘नेचर’मध्ये छापून आली. शंभरातले सुमारे अडीच निळे-जांभळे फोटॉनच कामी लागत होते. आकडा लहान आहे खरा. पण त्याआधी दिसणाऱ्या उजेडात असं काम करणाऱ्या पुडी आणखी कितीतरी कमी करायच्या.

उरलेले साडेसत्त्याण्णव गेले कुठे?

बहुतेक इलेक्ट्रॉन पलीकडच्या काठावरून परत आले. उडी मारून गेलेल्या इलेक्ट्रॉनला मागची रिकामी जागा खुणावत असते. वाटेत कुठे स्फटिकाची घडण बिघडलेली असली की तिथे तो अडकतो आणि माघारी फिरतो. उडीची ताकद नुसती उष्णता होऊन जाते. हे सगळं सेकंदाच्या लाखाव्या भागातसुद्धा घडून जातं, कधी त्याहून किती तरी लवकर. म्हणून पुडीच्या कणांवर दुसऱ्या धातूंचे ठिपके बसवतात, प्लॅटिनमचे किंवा ऱ्होडियमचे. ठिपका नॅनोमीटरच्या मापाचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहालाखाव्या भागाच्या हिशेबातला. इलेक्ट्रॉन पलीकडे पोचला रे पोचला की ठिपका त्याला पकडतो आणि हायड्रोजनच्या कामाला लावतो.

पण इथे नवाच घोळ होतो. प्लॅटिनम, ऱ्होडियम यांच्यावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आले की त्यांचं पुन्हा पाणी होतं! एवढ्या कष्टानं फोडलेलं पाणी तिथल्या तिथे जोडलं जातं. डोमेन यांच्या चमूनं यावर काढलेली तोड बघा. त्यांनी ऱ्होडियमच्या प्रत्येक ठिपक्यावर क्रोमियम ऑक्साइडचं पातळ कवच चढवलं. हे कवच पाण्यातल्या हायड्रोजनला आत येऊ देतं, तयार झालेला हायड्रोजन वायू बाहेर सोडतं, पण ऑक्सिजनला आत येऊ देत नाही. ऑक्सिजन ठिपक्यापर्यंत पोचलाच नाही तर परत पाणी होणार कसं? इतक्या बारीक ठिपक्याला इतकं नेमकं कवच! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटायच्या आधी पुन्हा एकदा वाचून काढलं.

तिसरी अडचण रंगीत पुडींची खास स्वतःची आहे. चित्रकार वापरतात तो पिवळाधमक कॅडमियम यलो रंग कॅडमियम सल्फाइडपासून बनतो. त्याचा ओढा २.४, काठही योग्य उंचीवर, म्हणजे कागदावर बघितलं तर पुरे गुण. पण त्याला पाण्यात घालून उजेड दाखवला की अलीकडच्या काठावरची रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन घ्यायच्या ऐवजी सल्फाइडमधल्या शेजारच्या गंधकाकडूनच घेते. गंधक सुटतं, कॅडमियम विरघळतं आणि पूड स्वतःलाच संपवत जाते. नायट्रोजनवाल्या पुडींनाही हा धोका असतो. इलेक्ट्रॉन सैल धरणारा अणू आत घेतला म्हणून रंग आला, आणि तोच अणू उजेडात टिकायला कच्चा पडतो. म्हणून रंगीत पूड बनवणं सोपं आणि टिकवणं अवघड.

गंधकवाल्या पुडींचं आणखी एक काम आहे आणि त्यात आपल्या पुण्याचा हात आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. सडलेल्या अंड्याचा वास येतो ना, तोच हा, आणि तो विषारी आहे. त्यातही हायड्रोजन आहे, आणि तो सोडवायला पाण्यापेक्षा खूप कमी ताकद लागते. पुण्याच्या सी-मेट या संस्थेतले भारत काळे आणि कोरियातले त्यांचे सहकारी यांनी कॅडमियम, इंडियम आणि गंधक यांची एक पूड बनवली. दिसणाऱ्या उजेडात तिनं या वायूतून हायड्रोजन काढला. २००६ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यांनी पुडीचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा पातळ पाकळ्या दाटीनं एकत्र येऊन झालेले गोल गोल गोंडे दिसले. लेखाच्या नावातच त्यांनी त्या आकाराला झेंडू म्हटलंय! आकाराचा उपयोगही आहे. पाकळ्या जितक्या जास्त, तितका उजेडाला आणि वायूला भिडणारा पृष्ठभाग जास्त.

आता परत एकदा पांढऱ्या पुडीकडे, कारण तिच्याकडून शास्त्रज्ञ पुष्कळ शिकले. स्ट्रॉन्शियम टायटॅनेट ही पूड टायटॅनियम डायऑक्साइडची जवळची नातलग, पांढरी आणि अतिनील किरणांवरच चालणारी. तिचे चांगले स्फटिक मिळावेत म्हणून डोमेन यांच्या गटात ती स्ट्रॉन्शियम क्लोराइड या क्षाराबरोबर मुशीत घालून हजार अंशांच्या वर तापवली. क्षार वितळला, त्यात स्फटिक वाढले, आणि ही पूड आधीपेक्षा फारच जोमानं पाणी फोडायला लागली. का बरं? शोध घेतला तेव्हा कळलं, मूस होती ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडची. वितळलेल्या क्षारानं मुशीच्या भिंतीतलं किंचित ॲल्युमिनियम उचललं होतं आणि ते स्फटिकात जाऊन बसलं होतं! दुसऱ्या पदार्थाच्या मुशीत केलं तर पूड तितकी चांगली होत नव्हती. इलेक्ट्रॉन अडकायच्या ज्या बिघडलेल्या जागा असतात, त्या या ॲल्युमिनियममुळे कमी झाल्या होत्या.

मग ॲल्युमिनियम मुद्दाम घालायला सुरुवात झाली. २०२० मध्ये त्सुयोशी ताकाता, डोमेन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक सुधारणा केली. या स्फटिकाला वेगवेगळ्या प्रकारचे पैलू असतात. त्यांनी हायड्रोजन काढणारे ठिपके एका प्रकारच्या पैलूंवर आणि ऑक्सिजन काढणारे ठिपके दुसऱ्या प्रकारच्या पैलूंवर बसवले. इलेक्ट्रॉन आणि रिकाम्या जागा आपोआप वेगवेगळ्या दिशांना जायला लागल्या, त्यांची गाठच पडेना. आणि शंभरातले ९६ फोटॉन कामी लागले! पुन्हा वाचा, ९६. अर्थात ३५० ते ३६० नॅनोमीटर लांबीच्या अतिनील लहरींसाठीच. पण पूड नीट घडवली तर जवळजवळ एकही उडी वाया जात नाही, हे तिनं दाखवून दिलं.

याच जातीच्या पुडीचा थर काचेवर देऊन जपानमध्ये १०० चौरस मीटरचं उन्हाचं शेतही उभं राहिलं. २५ सेंटिमीटर लांब-रुंद अशा १६०० तावदानांचं. तावदानात पाण्याची जाडी किती, तर फक्त ०.१ मिलिमीटर. निघणारा वायू हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण असतो आणि ठिणगी पडली तर त्याचा स्फोट होतो, म्हणून एका खास पडद्यातून गाळून हायड्रोजन वेगळा काढला. यंत्रणा सुरक्षित आहे ना, हे बघायला त्यांनी वायू मुद्दाम पेटवूनही तपासलं. शेत कित्येक महिने चाललं. २०२१ मध्ये त्याचे आकडे आले. उन्हातल्या ऊर्जेपैकी जास्तीत जास्त ०.७६ टक्के हायड्रोजनमध्ये उतरली. घराच्या छपरावरचं सौर पॅनेल सुमारे २० टक्के ऊर्जेची वीज करतं, त्यापुढे हे कमीच. पूड शंभरातले ९६ फोटॉन वापरत असली, तरी तिच्या उपयोगाचे फोटॉन उन्हात मुळातच थोडे. एक हिशेब सांगून ठेवतो. ४०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रत्येक फोटॉन वापरला तरी उन्हातली फार तर २ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये येऊ शकते. ६०० नॅनोमीटरपर्यंतचे, म्हणजे नारिंगी उजेडापर्यंतचे सगळे वापरता आले तर तोच आकडा १६ टक्क्यांवर जातो. रंगासाठी एवढी धडपड चालते ती यासाठी.

रंग मिळवायचा एक स्वस्त मार्गही आहे. युरिया झाकण लावलेल्या मुशीत ५५० अंशांच्या आसपास तापवला की त्यातून वायू निघून जातात आणि फिकट पिवळी पूड मागे राहते. ती कार्बन नायट्राइडची. तिच्यात धातू अजिबात नाही, नुसता कार्बन, नायट्रोजन आणि थोडा हायड्रोजन. २००९ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत शिनचेन वांग आणि सहकाऱ्यांनी ही पूड दिसणाऱ्या उजेडात हायड्रोजन देते हे दाखवलं. त्यांनी युरियाऐवजी सायनामाइड तापवलं होतं, युरियापासूनही ती होते हे पुढे दिसलं. तिला पाण्यात इलेक्ट्रॉन देणारं एक मदतनीस रसायन घालावं लागलं होतं आणि ते रसायन संपत जायचं, त्यामुळे काम अर्धंच झालं असं म्हणायला हवं. तरी गंमत बघा, युरिया बनवायला हायड्रोजन लागतो आणि युरियापासून हायड्रोजन काढणारी पूड होते!

आणि झाडं? ती तर हे कितीतरी आधीपासून करतायत. हिरव्या पानाला लाल उजेडसुद्धा चालतो, ज्याची उडी सगळ्यात लहान. कारण पानानं ओढ्याच्या मध्ये एक दगड ठेवलाय. पानात उजेड घेणाऱ्या दोन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. पहिल्या उडीत इलेक्ट्रॉन दगडावर येतो, दुसऱ्या फोटॉनच्या जोरावर तिथून पलीकडे जातो. पानात हायड्रोजन वायू सुटत नाही, त्या इलेक्ट्रॉननी पान साखर बनवतं, पण पाणी फोडून ऑक्सिजन मात्र सोडतं. शास्त्रज्ञांनी तेच उचललं. ऑक्सिजनसाठी एक पूड, पिवळी बिस्मथ व्हॅनाडेट. हायड्रोजनसाठी दुसरी, ऱ्होडियम घातलेलं स्ट्रॉन्शियम टायटॅनेट. दोघींच्या मध्ये इलेक्ट्रॉनला जायला सोन्याचा पातळ थर. डोमेन यांच्याच गटानं अशी पत्री बनवली आणि २०१६ मध्ये तिनं १ टक्क्याची रेषा ओलांडली, उजेडातली १.१ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली. आता गंजासारख्या एकच काम जमणाऱ्या पुडीलाही जोडीदार शोधता येतो.

लाल पूड आठवते ना, टँटलम नायट्राइड? ती पाण्यातून हायड्रोजन काढू शकते आणि ऑक्सिजनही काढू शकते, हे २००२ मध्येच दिसलं होतं. पण दर वेळी मदतनीस रसायन घालून, एका वेळी एकच. दोन्ही एकदम, नुसत्या पाण्यातून, तिला वर्षानुवर्षं जमेना. अमोनियात खूप वेळ तापवल्यामुळे तिच्या स्फटिकात बिघडलेल्या जागा फार व्हायच्या आणि इलेक्ट्रॉन तिथेच अडकायचे. मग पोटॅशियम टँटलेटचे चौकोनी स्फटिक घेऊन ते अमोनियात अगदी थोडा वेळ तापवून पाहिले. चौकोनांच्या कडांवर लाल पुडीच्या बारीक कांड्या उगवल्या. प्रत्येक कांडी म्हणजे एकसंध स्फटिक, बिघाड जवळजवळ नाहीच. २०१८ मध्ये या कांड्यांनी दिसणाऱ्या उजेडात शुद्ध पाणी फोडून दोन्ही वायू दिले. मोजलं तर काम फार थोडं भरलं, १ टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास. पण ही पूड ६०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड घेते. तो मघाचा १६ टक्क्यांचा हिशेब तिच्याचसाठी मांडलेला आहे. आता अशाच कांड्या जास्त दाट, जास्त निर्दोष कशा वाढवायच्या आणि त्यांच्यावर ठिपके नेमके कुठे बसवायचे, यावर भट्ट्या पेटलेल्या आहेत.